साडूभाऊंची खात्री होत नाही

जगात शंका घेणारी माणसं पैशाला पासरी मिळतात, पण स्वतःच्या शंकेवरसुद्धा शंका घेणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच जन्माला आला आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू हे नातंच मुळात चमत्कारिक. बायको आपण निदान चहा-पोहे खाऊन बघून तरी करतो. साडू मात्र पातेल्यावर चमचा फुकट यावा तसा तिच्याबरोबर येतो. आमच्या बाबतीत चमचा पातेल्यापेक्षा मोठा निघाला, एवढंच. त्यांची बायको थोरली, म्हणजे आमची आक्का, आणि माझी धाकटी. त्यामुळे सासुरवाडीत मी सगळ्यात धाकटा: पाटावर धाकटा, आहेरात धाकटा आणि बुद्धीनंही धाकटा. हा शेवटचा निर्णय सासऱ्यांनी माझं मत न घेता दिला. मी हिंगोलीत शाळेत ड्रॉइंग मास्तर आहे. पोरांना सरळ रेघ काढायला शिकवतो आणि स्वतः पट्टी लावतो.

साडूभाऊ जन्मभर हैदराबादेत एका प्रयोगशाळेत होते. तिथं ते नेमकं काय करतात हे सासऱ्यांनी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "सशांना सुया टोचतो." सासऱ्यांनी गावभर सांगितलं की थोरला जावई जनावरांचा मोठा डॉक्टर आहे. त्याचा परिणाम असा, की निवृत्त होऊन साडूभाऊ सेनगावजवळच्या आपल्या गावी राहायला आले, तर तिसऱ्या दिवशी दारात लंगडी शेळी उभी. "मी डॉक्टर न्हाई हो," ते कळवळून सांगत. लोकांना वाटे, केवढा हा विनय! दुसऱ्या दिवशी दोन शेळ्या येत.

त्यांचं काम मला जेवढं कळलं तेवढं सांगतो, म्हणजे फार वेळ लागणार नाही. शरीरात परकं काही शिरलं की ते नेमकं धरायला शरीर अँटिबॉडी तयार करतं. साडूभाऊंच्या शेजारच्या हमीदाबी त्यांना 'शिपाई' म्हणतात आणि मलाही तोच शब्द झेपतो. ससा असले शिपाई उत्तम तयार करतो. पण साडूभाऊंचा सगळा संसार शरीरातल्या बारीक रेणूंचा. ते इतके बारीक की नुसते टोचले तर ससा ढुंकूनही बघत नाही. म्हणून त्या बारीक रेणूला एका दांडग्या प्रथिनाच्या गळ्यात बांधायचं आणि मग ती जोडी टोचायची. आता सशाचं शरीर दचकतं आणि शिपाई उभे करतं. पण पुढं मेख आहे. त्या शिपायानं ओळखलं कुणाला? बारक्याला, दांडग्याला, का दोघांना बांधलेल्या दोरीला? आणि बारक्याला ओळखत असेल, तर त्याच्या चुलत-मावस भावांनाही तोच समजून धरतो का? कारण ह्या रेणूंची भावकी मोठी आणि तोंडावळा सगळ्यांचा एकच. साडूभाऊंनी उभा जन्म शिपायांना भावकी दाखवण्यात घालवला. शिपाई चुकीच्या माणसाला धरतो असं दिसलं, की ते त्याला सरळ मोरीत ओतून द्यायचे.

हे प्रयोगशाळेत राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण माणूस निवृत्त होतो, सवय होत नाही. साडूभाऊंना रस्त्यात कुणी "काय, ओळखलं का?" म्हटलं, की ते "हो" म्हणत नाहीत. "तुमी मला कशावरून ओळखलं ते आधी सांगा," म्हणतात. समोरचा म्हणतो, तुमच्या टोपीवरून. हे लगेच टोपी काढून खिशात घालतात आणि विचारतात, "आता?" माझ्यावर तर त्यांनी एक पूर्ण दिवस घालवला. मला हिंगोलीत बरेच लोक ओळखतात असं मी एकदा फुशारकीनं बोलून गेलो. साडूभाऊ म्हणाले, "मास्तर, तुमी बारीक रेणू. सासऱ्यांच्या गळ्यात बांधलेले. लोक सासऱ्यांना ओळखून राहिले." ते बोलून थांबणाऱ्यांतले नव्हेत. सासऱ्यांना जिथं कुणी ओळखत नाही अशी जागा म्हणून मला त्यांनी कळमनुरीच्या आठवडी बाजारात नेलं आणि भर दुपारी स्टँडसमोर उभं केलं. स्वतः लिंबाखाली बसून लक्ष ठेवलं. तासभर माझ्याकडं एका बैलाशिवाय कुणी बघितलं नाही. शेवटी कँटीनवाला हात पुसत बाहेर आला आणि आनंदानं ओरडला, "ओ, तुमी ते न्हाई का, कळमनुरीला उतरायचं सोडून झोपीत नांदेडला गेल्याले, अन् येताना झोपीत हिंगोलीला गेल्याले?" मी मान खाली घातली. साडूभाऊ मात्र लिंबाखालून धावत आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "अभिनंदन मास्तर. ही तुमची खरी ओळख. ह्यात सासऱ्यांची भेसळ नाही."

घरात आक्कांचे हाल विचारू नका. आमटीत मीठ कमी आहे असं साडूभाऊ कधी म्हणत नाहीत. "आधी कोमट पाण्याचा एक घोट द्या, जीभ खरं बोलून राहिली का ते बघतो," म्हणतात. मग बिनमिठाची आमटी चाखतात, मग पुन्हा मिठाची. तोवर ती गार होते आणि गार आमटीवर नवी शंका निघते. आक्का म्हणतात, "मला रोज दोन आमट्या कराव्या लागतात. एक खायची अन् एक ह्यांच्या शंकेची." आणि शंकेची आमटी दुपारी आक्काच खातात, कारण टाकवत नाही.

पण त्यांच्या शास्त्राचा कळस झाला तो मुलीच्या लग्नात. प्रयोगशाळेत म्हणे एक खास तपासणी असते. शिपाई नमुन्यात सोडायच्या आधी, ज्या रेणूला धरायला तो तयार झालाय त्याच रेणूत त्याला मनसोक्त घोळवायचा. त्याचे दोन्ही हात भरले पाहिजेत. मग सोडायचा. हात भरलेले असूनही तो नमुन्यात कुणाला तरी मिठी मारत असेल, तर समजायचं, गडी मुळात दुसऱ्याच कशासाठी आला होता. साडूभाऊंनी हे वऱ्हाडावर लावलं. पंगती आधी, अक्षता नंतर! "जिलबीसाठी आलेले जिलबीनं भरून जातील," ते मला कानात म्हणाले, "मंग जो मांडवात उरंल तो लेकीसाठी आला." व्याही गोंधळले, पण जेवण आधी मिळतंय म्हटल्यावर वाद कोण घालतो? जिलबी उत्तम होती. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मांडवात भटजी होते, दोन्हीकडचे आईबाप होते, ज्याला जेवायला बोलवायचं सगळेच विसरले असा व्हिडिओवाला होता, आणि मी होतो. मला बघून साडूभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. जवळ येऊन म्हणाले, "मास्तर, तुमी खरे." मीही गहिवरलो. पण डोळे पुसता पुसता त्यांचा चेहरा बदलला. "जरा उठून दाखवा बरं," ते म्हणाले. मी प्रयत्न केला. जिलबीनं मला खुर्चीत असं काही बसवलं होतं, की मी आणि खुर्ची दोघंही उठलो आणि दोघंही खाली बसलो. "अनिर्णित," साडूभाऊ म्हणाले आणि अक्षता टाकायला गेले.

अशा माणसाचं बोलणं ऐकून कोण घेणार? आक्कांनी कान बंद केले होते, मुलगी सासरी सुटली होती, मी हिंगोलीत राहतो हे माझं नशीब. पण त्यांना एक श्रोता मिळाला होता, हमीदाबी. साडूभाऊंच्या अंगणाच्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडं हमीदाबींचा गोठा. मियाँ गेल्यापासून त्या एकट्याच. मुलगा सलीम हैदराबादेत एसी दुरुस्त करतो. गोठ्यात एकच म्हैस, तिचं नाव बिजली. त्या जनावरात विजेसारखं काही असेल, तर फक्त एवढंच, की मनात येईल तेव्हा जायचं आणि कुणी बोलावून यायचं नाही. सकाळी हमीदाबी धार काढायला बसल्या, की साडूभाऊ भिंतीला टेकून, हातात रिकामा तांब्या धरून, शिपायांविषयी बोलायला लागत. त्या चर्र चर्र आवाजात त्यांचं व्याख्यान चाले. हमीदाबी ऐकून घेत, एवढंच नाही, तर विचारतही.

"मंग डाक्टरसाब, तुमचा शिपाई थोरल्या भावाला सोडून बराबर धाकल्यालाच धरतो, हे त्याला कसं समजतं?"

"त्याच्या हाताचा आकारच तसा असतो, हमीदाबी."

"अन् धाकल्यानं थोरल्याचा सदरा घातला तर?"

साडूभाऊ मला म्हणाले होते, हैदराबादेत मोठमोठ्या सभांत बोललो, पण इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नाही. त्या दिवशी त्यांनी दुधाचा तांब्या घरात न्यायचं सोडून तासभर उन्हात उत्तर दिलं. दूध नासलं. आक्का काय म्हणाल्या ते मी इथं लिहीत नाही.

तर ह्या बिजलीनं सगळा घोळ केला. दोनदा रेड्याकडून भरवली, दोनदा उलटली, म्हणजे गाभण राहिलीच नाही. दूध आटत चाललेलं. सलीम फोनवर रोज म्हणायचा, "अम्मी, किती दिवस एकटी राहशील? इकून टाक अन् इकडं ये." हमीदाबींना हैदराबाद आवडत नव्हतं. चौथ्या मजल्यावर राहून मी बोलू कुणाशी, कबुतराशी? शेवटी माय-लेकात करार झाला. तिसऱ्यांदा भरवायची. गाभण राहिली, तर अम्मी गावात राहील. नाही राहिली, तर ईद झाल्यावर म्हैस बाजारात आणि अम्मी हैदराबादेत. शब्द म्हणजे शब्द.

त्याच सुमारास सेनगावच्या पशुखाद्याच्या दुकानात एक पट्टी आली होती. भरवल्यावर तीनेक आठवड्यांनी दुधाचे थेंब तिच्यावर टाकायचे, म्हणजे म्हैस गाभण आहे का ते कळतं. साडूभाऊंना कळलं, तेव्हा त्यांना आपला हरवलेला भाऊ भेटल्यासारखं झालं. कारण पट्टीत बसलेले होते तेच त्यांचे शिपाई! गाभण म्हशीच्या दुधात प्रोजेस्टेरॉन नावाचा एक बारीक रेणू टिकून राहतो. पट्टीतले शिपाई त्याला धरतात. साडूभाऊंनी दहा पट्ट्या आणून फ्रीजमध्ये लोणच्यामागं ठेवल्या.

बिजलीला तिसऱ्यांदा भरवून तीन आठवडे झाल्यावर पट्टी लावली. सलीम व्हिडिओवर. सगळे डोळे पट्टीवर. रेघ काही उमटली नाही. तिकडून सलीम म्हणाला, "लाइन नहीं आई अम्मी. बात खतम." हमीदाबी मटकन खाली बसल्या. साडूभाऊ ओरडले, "आरं, उलटं असतं हे! रेघ न्हाई म्हणजे गाभण!" मग त्यांनी भिंतीवर चढून समजावलं. रेणू इतका बारीक, की त्याला एका वेळी एकच शिपाई धरू शकतो. दुधातच तो भेटला, तर शिपायाचे हात तिथंच भरतात आणि तो रेघेवर न थांबता पुढं निघून जातो. दुधात नसला, तरच मोकळे शिपाई रेघेच्या जागी चिकटवलेल्या तसल्याच रेणूंना धरून तिथं जमतात. रेघ नाही, म्हणजे हात भरलेले. हात भरलेले, म्हणजे गाभण! हमीदाबींना एवढं सगळं कळायची गरज नव्हती. त्या उठल्या आणि थेट खीर करायला लागल्या.

मी त्या दिवशी नेमका तिथं होतो. जिथं गोड असतं तिथं मी असतो. खिरीची वाटी हातात देत हमीदाबी खुशीत म्हणाल्या, "टिकणारच होती. सुईवाल्यानं परवाच गाभण टिकायची सुई पण दिली ना तिला." साडूभाऊंचा चमचा तोंडाशी आला होता, तो तिथंच थांबला.

"कसली सुई?"

"अल्ला जाणे. शिशी हाय की कोनाड्यात. थोडं उरलंय त्यात."

मोटारसायकलवर गावोगाव फिरणारा एक सुईवाला आहे. त्यानं दिलेली बाटली साडूभाऊंनी उन्हात धरून वाचली आणि चमचा वाटीत परत ठेवला. त्यांची खीर नंतर मी खाल्ली, ते असो. बाटलीत होता प्रोजेस्टेरॉनचा सख्खा चुलत भाऊ. मग पट्टीतल्या शिपायांनी दुधात धरलं कुणाला? म्हशीच्या अंगच्या रेणूला, का सुईतून आलेल्या चुलत भावाला?

दुसरा कुणी असता तर खीर खाऊन गप्प बसला असता. साडूभाऊंनी पुढच्या रविवारी मला बोलावून घेतलं. नरसीपर्यंत एसटीत उभा राहून, पुढं एका सोयाबीनच्या पोत्यावर बसून मी पोचलो, तर अंगणात ओळीनं पाच वाट्या मांडलेल्या आणि आक्का कपाळाला हात लावून बसलेल्या. एका वाटीत पाटलांच्या हमखास रिकाम्या म्हशीचं दूध. दुसरीत तेच दूध आणि जरासं स्पिरिट. तिसरीत तेच दूध आणि बाटलीतल्या औषधाच्या थेंबाच्या थेंबाचा थेंब, स्पिरिटात घोळवून. चौथीत बिजलीचं. पाचवीत पिशवीचं. "स्पिरिट काहून?" मी विचारलं. "औषध स्पिरिटात घोळवलंय ना," ते म्हणाले. "उद्या तुमीच म्हणसाल, स्पिरिटानं रेघ पुसली." मी असं कधीच म्हटलं नसतं, पण बरं वाटलं.

वाट्यांच्या बुडाला आक्कांनी नावं चिकटवून त्यांची जागा बदलली होती, म्हणजे कुठली वाटी कशाची ते ना साडूभाऊंना माहीत, ना मला. "पट्ट्या तुमी वाचायच्या, मास्तर," ते म्हणाले. "तुमी ड्रॉइंगवाले. अन् मी वाचणं बराबर न्हाई."

"का?"

ते भिंतीकडं बघत म्हणाले, "मला ती गाभण पाहिजेल. पाहिजेल त्या माणसानं वाचू नये."

मी चष्मा पुसून पट्ट्या वाचल्या. दोन वाट्यांवर ठळक रेघ, तीन कोऱ्या. वाट्या उलट्या केल्या. रिकाम्या म्हशीच्या दुधाला रेघ, स्पिरिटवाल्याला रेघ. औषधाचा थेंब पडला तिथं रेघ गायब. बिजलीची गायब. आणि पिशवीचीही गायब! "पिशवी गाभण हाय!" भिंतीवरून बघणाऱ्या पोरांनी गावात दवंडीच दिली. साडूभाऊ शांतपणे म्हणाले, पट्टी खोटं बोलत नाही, पिशवीत गावोगावच्या गाभण जनावरांचं दूध असतं. पण ऐकायला कोण थांबलंय? संध्याकाळपर्यंत निम्म्या गावानं पिशवीच्या दुधाचा चहा सोडला होता.

साडूभाऊंना मात्र हसू आलं नाही. पट्टीतला शिपाई चुलत भावालाही धरत होता. म्हणजे बिजली गाभण असेलही, नसेलही. त्यांनी हमीदाबींना भिंतीपाशी बोलावलं आणि म्हणाले, "माहीत न्हाई."

"काय माहीत न्हाई?"

"गाभण हाय का न्हाई, ते माहीत न्हाई. मी हाय म्हणालो, ते चुकलं."

हमीदाबींनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "डाक्टरसाब, खीर पचू तर द्यायची हुती."

आता उपाय एकच. सुईचा अंमल उतरेपर्यंत थांबायचं आणि मग दर रविवारी पट्टी लावायची. खरोखर गाभण असेल, तर रेघ एकदाही उमटता कामा नये. हे साडूभाऊंनी स्वतः फोन करून सलीमलाही सांगितलं. सलीम चिडला. "चाचा, हाय का न्हाई, एक शब्दात सांगा ना." "माहीत न्हाई, हे दोन शब्द हायेत सलीम, पण खरे हायेत." आक्कांनी फोन हिसकावून घेतला आणि जेवला का म्हणून विचारलं, तेव्हा कुठं तो निवळला.

मी दर रविवारी जायला लागलो. बायको म्हणाली, तुम्हाला आजकाल थोरल्या साडूंचा फारच पुळका. मी काय सांगू, माझ्या डोळ्यांवर एका बाईचं गाव अवलंबून आहे? पहिल्या रविवारी पट्टी कोरी. हमीदाबींनी काही केलं नाही, फक्त बिजलीच्या पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्या रविवारी पट्टी कोरी. साडूभाऊ त्या दिवशी आमटीला नावं न ठेवता जेवले. आक्का घाबरल्या, ह्यांना ताप तर नाही? तिसऱ्या रविवारी मी पट्टी हातात धरली आणि वाट बघत बसलो. आधी वाटलं, डोळ्यांवर उन्हाची झळ आहे. मग सावलीत नेली. चष्मा काढून बघितली, लावून बघितली. मी आयुष्यभर पोरांच्या वहीतल्या रेघांना वाकड्या म्हणत आलो. इतकी सरळ, इतकी ठळक रेघ मी कधी बघितली नव्हती, आणि ती दिसली नसती तर बरं, असंही कधी वाटलं नव्हतं.

साडूभाऊंनी माझ्या तोंडाकडं बघितलं. पट्टी मागितलीसुद्धा नाही. तशाच अनवाणी पायांनी भिंतीपाशी गेले आणि म्हणाले, "न्हाई राहिली, हमीदाबी."

हमीदाबी वैरण टाकत होत्या. त्यांनी वैरण टाकून घेतली, हात झटकले. "तुमी बोल्ले नसते तर?"

"तर सरकारी डॉक्टरनं हात घालून तपासल्यावर कळलंच असतं पुढं. दोन महिन्यांनी."

"व्हय," त्या म्हणाल्या, "पण दोन महिने तर मिळाले असते की."

ह्या माणसाला मी हजार प्रश्नांना उत्तर देताना बघितलंय. ह्या खेपेला त्यांनी भिंतीवर पडलेल्या वैरणीच्या काड्या वेचून बिजलीपुढं टाकल्या.

ईद झाली आणि सलीम आला. पोरगा वाईट नाही. आईची पेटी स्वतः डोक्यावर घेऊन जीपपर्यंत गेला. म्हशीचं गिऱ्हाईक यायचं होतं, तेवढ्यात साडूभाऊ म्हणाले, "बिजली माझ्याकडं राहू दे." आक्कांनी डोळे मोठे केले. हमीदाबी जीपमध्ये बसता बसता लेकाला म्हणाल्या, "ऐक. चौथ्यांदा भरवली अन् राहिली तर मी परत येणार. तुझा शब्द तोच हाय ना?" सलीम हसला, म्हणाला, "व्हय अम्मी, तोच." जीप गेली, धूळ खाली बसली, साडूभाऊ मात्र हातात दावं धरून उभेच. दाव्याच्या दुसऱ्या टोकाला बिजली, दोघांनाही पुढं काय करायचं ते माहीत नाही, अशी.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस साडूभाऊंच्या दोन्ही नडग्यांवर लाथांचे निळे-काळे वळ होते. पण ते धार काढायला शिकले. सरकारी डॉक्टरला बोलावून त्यांनी बिजलीला पुन्हा भरवलं, आणि सुईवाला गल्लीत दिसला तर मोटारसायकलसकट त्याला ओढ्यात घालायची तयारी ठेवली. रोज संध्याकाळी हैदराबादहून फोन येतो. मी गेल्या रविवारी तिथंच होतो, म्हणून दोन्हीकडचं ऐकलं.

"काय म्हणती माझी बिजली?"

"मजेत हाय. वैरण खाऊन राहिली."

"कळलं का काही?"

"न्हाई अजून, हमीदाबी. माहीत न्हाई."

"मंग ठीक हाय," तिकडून आवाज आला. मागं कबुतरं घुमत होती. "मी पण पेटी सोडली न्हाई अजून. वरची दोन लुगडीच तेवढी काढून घालून राहिले."

फोन ठेवून साडूभाऊ बराच वेळ अंगणात वैरण सारखी करत बसले. ती आधीच सारखी होती. मी बोटांवर हिशोब केला. तीन आठवडे होऊन वर पुष्कळ दिवस गेले होते, आणि लोणच्यामागची शेवटची पट्टी तशीच पाकिटात होती. जो माणूस आमटी चाखायच्या आधी जीभ तपासतो, त्याच्या घरात! मी म्हणालो, "साडूभाऊ, दिवस तर कधीच भरले. मी आलोच आहे, चष्माही आहे. बघायची का पट्टी?"

ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "आज नको मास्तर. आज बिजलीचं दूध नासलं."

आम्ही दोघंही त्याच दुधाचा चहा पीत होतो, आणि तो उत्तम झाला होता.